यॉर्कचा तट

इंग्लंडला गेलेल्या नातीने यॉर्क शहराच्या जुन्या तटाचं चित्रकार्ड पाठवलं, आणि मी धुळ्याच्या शाळेतल्या माझ्या वर्गात जाऊन बसले. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. तापलेले पत्रे, खडूची धूळ, आणि मागच्या बाकावर तपासणीला आलेले गोरे साहेब. नानामास्तर यॉर्कचा इतिहास सांगत होते. रोमन सैन्याने नदीकाठी छावणी टाकली, तट बांधला, शहर वसलं.

मी उभी राहिले. “मास्तर, म्हणजे इंग्रजांच्या देशावरही परक्यांनी राज्य केलं?”

सगळ्यांच्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. साहेबांच्या एका शेऱ्याने मास्तरांची नोकरी गेली असती.

“केलं,” मास्तर शांतपणे म्हणाले. “साडेतीनशे वर्षांहून जास्त. मग रोमन निघून गेले. शहर राहिलं.”

साहेबांना मराठी येत होतं. “उत्तर बरोबर आहे,” ते म्हणाले आणि उठून पुढच्या वर्गात गेले.

मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला. “पोरी, असंच इचारत ऱ्हाय,” ते एरवी वर्गात कधी न बोलणाऱ्या घरच्या बोलीत म्हणाले.

तेव्हा मला माझ्याच धिटाईचं कौतुक वाटलं होतं. मला नुसतं “खाली बस” म्हणणं त्यांना किती सोपं होतं, ते आज कळतं.