शेळगावचा नकार

माझ्या विक्रीच्या गोष्टी आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहेत. कुठल्या बाईनं तोंडावर दार लावलं, कुठल्या आबांनी मला वीजबिलवाला समजून फैलावर घेतलं — भाचरं नोकरीला लागली की मागं लागतात, मामा, नकाराची गोष्ट सांगा. नकारातून माणूस शिकतो, असं मी छाती पुढं काढून सांगतो. छातीपेक्षा पोटच पुढं येतं, ते सोडा. शेळगावची गोष्ट मात्र मी आजवर गिळून बसलोय. बायकोलाही सांगितलेली नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. बारामतीतल्या एका लहानशा कंपनीची शिलाई मशीनं मी गावोगाव विकायचो. मोपेडच्या कॅरिअरला हातमशीनची पेटी, खिशात रिपोर्टची वही. वहीत एक रकाना होता — नकाराचे कारण. साहेबांचा सगळा जीव त्या रकान्यात. नकार आणा, म्हणायचे, धंदा तिथंच शिकता येतो.

निमगाव केतकीच्या बाजारात पहिल्यांदा मशीन मांडलं. दोरा तीनदा तुटला. चौथ्यांदा सुईतच जाईना. एक बाई म्हणाली, "आवं, दोरा ववायला बायकू तरी आणायची संगं!" दुसरी म्हणाली, "आदी कुणी दिली पायजे की ह्यास्नी!" सगळ्या हसल्या. मीही हसलो. पण ते हसू — कसं सांगू — कानात घर करून बसलं.

त्यानंतर मी दारं वाजवणंच सोडलं. हो, सोडलंच. कालव्याच्या कडेला बाभळीखाली मोपेड लावायची. उसाचे तुरे हलायचे, बगळे पाण्यावरून सावकाश जायचे, ऊन आणि झोप यांतला फरक कळेनासा व्हायचा. त्या गुंगीत मी नकार रचायचो. 'मशीनच्या आवाजानं म्हैस दूध चोरते.' 'मशीन आलं तर सून माहेरचंही शिवत बसेल.' इतके गोड नकार खऱ्या माणसांनी कधी दिले असते का? साहेब ते मीटिंगमध्ये वाचून दाखवायचे. याच्याकडून शिका, म्हणायचे.

इथवर हसायला हरकत नाही. पण —

शेळगावहून एक पोस्टकार्ड आलं. कमलताई नावाच्या बाईंचं, टपोऱ्या अक्षरातलं. मी हातानं शिवते, दहा-बारा जणी शिकायला तयार आहेत, मशीन दाखवायला या. कंपनीला एका गावात शिवणवर्ग काढायचाच होता. शिकवणारीला महिन्याचा पगार. साहेब म्हणाले, "जाऊन बघून ये. तू हो म्हणालास तर वर्ग तिथंच."

मी गेलो. एवढं खरं आहे. वळणावरून घर दिसलं. अंगणात सतरंजी अंथरलेली, बायका दाटीनं बसलेल्या, आणि मधोमध मशीनसाठी जागा मोकळी सोडलेली. एक बाई उन्हाला हात आडवा धरून रस्त्याकडं बघत उभी. जावं? आणि दोरा तुटला तर?

मी मोपेड वळवली. कालव्यावर येऊन बसलो. पाणी संथ चाललं होतं, आणि — हे लिहायला जड जातंय — मला बरं वाटलं. तरंगल्यासारखं. मग वही काढली. कमलताईंच्या नावापुढं लिहिलं, 'गरज नाही. घरच्यांचा विरोध.'

वर्ग पणदऱ्याला गेला.

पाच-सहा वर्षांनी इंदापुरात एका लग्नाच्या पंगतीत माझ्या बायकोशेजारी एक बाई येऊन बसल्या. मी समोरच्या ओळीत. नावं-गावं निघाली, शेळगाव निघालं, शिवण निघालं. माझी मान खाली.

"दिस बुडूस्तवर वाट बघितली बगा," कमलताई सांगत होत्या. "मग बाया हसाया लागल्या. कमळे, मशीनवाला तुझ्या सपनात आला हुता व्हय गं? लई दिस चालली ती चेष्टा. घरचं बी म्हणलं, बास आता. मग म्या कात्रीच ठिवून दिली."

बायको मला म्हणाली, "अहो, तुम्ही याच धंद्यात होता ना? असं कसं करतात हो ही माणसं?"

सांगता आलं असतं. तेवढीच एक वेळ होती. कमलताई माझ्याकडं बघत होत्या — रागानं नव्हे, उत्तर ठाऊक असलेल्या माणसाकडं बघतात तसं.

मी म्हणालो, "गावातूनच कुणीतरी नको म्हटलं असेल."

"आमी?" त्या म्हणाल्या. "आमी कुणी न्हाय नको म्हणलं."

तेवढ्यात बुंदीवाला आला. मी पत्रावळ पुढं केली.