भिंतीअलीकडचे आंबे

दुसऱ्याच्या वस्तूला हात लावून त्रास देणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. हात न लावून एवढा त्रास देणारा माणूस मात्र अख्ख्या लखनौत एकच, माझ्या बायकोचे मामा. मूळचे नागपूरचे, केंद्र सरकारच्या नोकरीत इकडे आले आणि निवृत्तीनंतर तेलीबागेतच घर बांधून राहिले. बुद्धवंदनेत पंचशील आपण सगळेच म्हणतो आणि मग चहा पितो. मामांनी म्हटलेलं मनावर घेतलं. त्यातली चार शीलं त्यांना अंगच्या गुणांनीच जमतात. दारू पचत नाही, खोटं बोलायला गेले की खोकला येतो, वगैरे. मेहनत घेतली ती एकावरच, जे दिलेलं नाही ते घ्यायचं नाही. आता हे आपल्याला वाटतं तितकं सोपं प्रकरण नाही. गोमती नगरातल्या एका लग्नात मामा रिकामी प्लेट घेऊन पनीरसमोर बराच वेळ उभे होते. मी म्हटलं, "मामाजी, घ्या ना." तर म्हणाले, "मांडून ठेवलं म्हणजे दिलं असं होत नाही, जावईबापू." शेवटी नवरीच्या बापाने येऊन स्वतःच्या हाताने वाढलं, तेव्हा ते जेवले. ते पाहून मागचे दोघंतिघंही प्लेटा पुढे करून उभे राहिले आणि नवरीच्या बापाचा फेटा सुटेपर्यंत त्याची सुटका झाली नाही.

भाजीवाला भैया पिशवीत धनिया-मिरची टाकतो, तेव्हा मामा विचारतात, "भैया, ये दिया?" तो "दिया बाबूजी, दिया" असं म्हणेपर्यंत जागचे हलत नाहीत. अलीगंजला एका घरी वंदनेनंतर कुणीतरी त्यांच्या चपला घालून गेलं आणि हुबेहूब तसल्याच स्वतःच्या तिथे सोडून गेलं. मामा भर मे महिन्यात अनवाणी घरी आले, कारण त्या दुसऱ्या चपला त्यांना कुणी दिलेल्या नव्हत्या. घरातही तीच तऱ्हा. फडताळातला लाडू स्वतःच्या हाताने घेणार नाहीत, मामींनीच द्यायचा. "शील यांचं आणि हेलपाटे माझे," असं मामी वर्षानुवर्षं म्हणत आल्या. एक दिवस कंटाळून त्यांनी जाहीर केलं, "या घरातलं सगळं, डब्यांसकट, तुम्हाला दिलं." मामांनी विचारलं, "तूपसुद्धा?" डॉक्टरांचं आठवून मामी म्हणाल्या, "तूप सोडून." तेव्हापासून मामा स्वतःचा चहा स्वतः करून घेतात आणि तुपाच्या बरणीकडे पाहत नाहीत.

शेजारचे वकीलसाहेब अस्सल लखनवी. त्यांच्या दशहरी आंब्याच्या झाडाची एक मोठी डाल, म्हणजे फांदी, भिंतीवरून मामांच्या अंगणात आलेली. तिच्या सावलीत दर रविवारी तेलीबागेतली मराठी मंडळी वंदनेला बसतात. मुलं गाथा पालीत म्हणतात आणि भांडतात हिंदीत. आंधी आली की अंगणात आंब्यांचा सडा पडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा टोपली घेऊन वकीलसाहेबांच्या दारात हजर, "आपकी अमानत." वकीलसाहेब आधी हसायचे, "अरे भाईसाहब, रख लीजिए." मामा ठेवून घ्यायचे, पण पुढच्या आंधीनंतर पुन्हा टोपली दारात. त्यांचं म्हणणं, कालचे दिले होते, आजचे कुठे दिले? एकदा वकीलसाहेबांकडे मलिहाबादचे व्याही आलेले, स्वतः आंब्याच्या मोठ्या बागांचे मालक. त्यांच्यासमोर मामांनी टोपली ठेवली. आंबे नापसंत म्हणून परत आले असं समजून व्याह्यांनी एक उचलून हुंगला आणि परत ठेवला. झालं. "मेहमान के सामने आम लौटा दिए," वकीलसाहेब गल्लीला सांगू लागले, "लखनऊ में कोई आम लौटाता है?" बोलणं बंद झालं. मग निरोप आला की येत्या इतवारी डालच कापून टाकतो, न डाल रहेगी, न आम गिरेंगे.

मामांचं जेवण उडालं. मी म्हटलं, सावलीसाठी मांडव घालू. ते म्हणाले, "सावलीचं काय घेऊन बसलात, जावईबापू. मी चोरी नाही केली, तरी माणूस दुखावला. काहून असं झालं?" मला त्यांची खरोखर दया आली. रविवारी वंदना संपते न संपते तोच पलीकडे कुऱ्हाडवाला आला. मामा उठले, तसेच अनवाणी फाटकातून वळसा घालून गेले आणि वकीलसाहेबांसमोर हात पुढे करून म्हणाले, "वकीलसाहब, एक आम दीजिए. खाने का मन है." या माणसाने उभ्या आयुष्यात शेजाऱ्याकडे मीठही मागितलं नव्हतं. मामींनी पदर तोंडाला लावला. वकीलसाहेब आत वळून म्हणाले, "बाल्टी लाओ." पाण्यात घातलेले गार आंबे आले. दोघं म्हातारे बाह्या वर करून चोखत बसले, कुऱ्हाडवाल्यालाही मिळाले. हात धुताना वकीलसाहेब म्हणाले, "ये डाल आपको दी, भाईसाहब. हमेशा के लिए." मामांनी खात्री करून घेतली, "आमों समेत?"

डाल मामांची झाली, तरी दर मोसमात पहिला आंबा ते मागायला जात. वकीलसाहेब आदल्या दिवसापासून बादली भरून वाट बघत, आणि मामांना यायला उशीर झाला तर भिंतीवरून खाकरत.

गेल्या हिवाळ्यात वकीलसाहेब गेले. मुलगा परदेशात, घराला कुलूप. परवा आंधीच्या दुसऱ्या दिवशी मी तेलीबागेत गेलो, तर मामा अंगणात बाजेवर बसले होते, हातात एक पिकलेला आंबा. मी म्हटलं, "मामाजी, डाल तुमचीच आहे. खा की." ते म्हणाले, "डाल माझीच आहे, जावईबापू. पण पहिला मागून खायची सवय लागली. आता कोणाला मागू?" मामी आतून आल्या, मामांच्या हातातला आंबा काढून घेतला, पदराने पुसला आणि पुन्हा पुढे केला. "घ्या. मी दिला."

मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि भिंतीकडे बघत तसाच धरून बसले.