फुलदाणीचं पान

यंदाचा दिवाळी अंक हातात आला आणि सवयीने मी आधी मधलं पान उघडलं. तिथे दरवर्षी माझ्या मित्राचं, वसंताचं, राजकीय व्यंगचित्र असतं. या वेळी तिथे फुलदाणी होती. खाली सही मात्र त्याचीच.

मी तडक फोन लावला. "वसंता, हे काय काढलंस?"

"चार चित्रं परत आली रे. संपादक म्हणाले, मंत्र्यांचं नाक नको, खुर्ची नको, रस्त्यातला खड्डा तर नकोच. काहीतरी प्रसन्न द्या."

माझ्या अंगाची लाही झाली. खड्ड्यात माणसं पडतात तेव्हा कुणाच्या भावना दुखावत नाहीत. त्या खड्ड्याचं चित्र काढलं की लगेच दुखावतात. आणि आम्ही वाचक तरी कसले? इतर अंकांतून अशी चित्रं एकेक करून गेली, तेव्हा संपादकाला साधं पत्र टाकलं नाही. मीही नाही.

"तू नाही म्हणायचंस!" मी ओरडलो.

तो हळूच म्हणाला, "फुलं तरी बरी उतरलीत ना?"

चाळीस वर्षांत त्याने आपल्या चित्राबद्दल मला असं कधीच विचारलं नव्हतं.