चार घरची उपाशी पोर

गोंदियाच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा लेक चौथ्या वर्षात होती. नवरा मालगाडीवर गार्ड. घरी येई तो झोपायला, आणि झोप झाली की पुन्हा दुर्ग नाहीतर नागपूर. सालेकसाकडच्या आमच्या गावात पोर सांभाळायला आख्खं गाव होतं. इथं मी, ती आणि भाड्याची एक खोली.

शेजारी बिड्या वळणारी एक बाई राहायची. सूप मांडीवर घेऊन दिवसभर ओसरीत बसलेली. माझी घालमेल बघून तीच म्हणाली, "मायाजवळ ठेव ना पोट्टीले. मी कुठं जाऊन राहिली?"

तशी लेक तिच्याकडे राहू लागली. महिनाभर सगळं सुरळीत होतं. मग लेकीचं संध्याकाळचं जेवण बंद झालं. भात कालवून पुढं ठेवला की मान फिरवायची. वरण नको, दूध नको, गूळ लावलेली पोळीसुद्धा नको. मी रडकुंडीला आले. शेजारणीला विचारलं, तर ती तेंदूपानं कातरत म्हणाली, "दुपारी तं जेवते बाई," आणि पुढचं पान उचललं.

शेवटी तिला बाजारातल्या वैद्यांकडे नेलं. त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबलं. तेवढ्यात लेक माझ्या हातून सुटली आणि थेट कपाटाखालच्या बरणीपाशी जाऊन उभी राहिली. बरणीत आवळ्याचा मुरंबा होता. वैद्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"हिला कसं ठाऊक तिथं मुरंबा आहे?" मी विचारलं.

"बच्चे हैं, सूँघ लेते हैं," ते म्हणाले. औषध त्यांनी दिलं नाही. "इसको नहीं, आपको आराम चाहिए," एवढंच बोलले.

माझ्या मनात पाल चुकचुकली. शनिवारी शाळा सकाळची असायची. सुटल्यावर मी घरी न जाता गल्लीच्या तोंडाशी, पानठेल्याच्या आडोशाला उभी राहिले. थोड्या वेळानं लेक शेजारणीच्या ओसरीतून तोंड पुसत उतरली. म्हणजे पहिलं जेवण झालं होतं. तिथून ती हलवायाच्या दुकानापुढं गेली आणि खांद्यातून अशी काही वाकली, की मलाच वाटलं ही आता चक्कर येऊन पडते. हलवायानं काही न विचारता जिलबीचा तुकडा दिला. तो संपेपर्यंत ती सरळ चालली. मग कापडवाल्या सिंधी कुटुंबाच्या दारात पुन्हा वाकली आणि आत गेली.

मीही मागोमाग गेले. पाटावर लेक बसली होती, पुढं डाळ आणि तळलेली पुरी. घरातली म्हातारी आजी तिला घास भरवत होती. ही माणसं फाळणीत सगळं सोडून इथं आलेली.

"तू इसकी माँ है?" आजीनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "दूसरों के बच्चे पढाती है, अपनी को भूखा रखती है? लडकी बोलती है, घर में चूल्हा नहीं जलता."

मी लेकीकडे पाहिलं. तिनं शांतपणे पुढचा घास घेतला.

मी सांगायला तोंड उघडलं, पण आजीनं ऐकून घेतलंच नाही. माझं मनगट धरून पाहिलं, "ये भी सूखी है" असं स्वतःशीच म्हणाली आणि माझ्यापुढंही ताट ठेवलं. सकाळपासून मी नुसत्या चहावर होते. नाही म्हणायला जीभ उचलली नाही. मी जेवतेय म्हणजे चूल पेटत नाही हे खरंच, अशी आजीची खात्री पटली.

पोर दिसेना म्हणून शेजारीण शोधत आली तेव्हा आम्ही मायलेकी शेजारी शेजारी जेवत होतो. तिनं कपाळावर हात मारला. पाठोपाठ हलवाईही आला. मग एकेक उलगडत गेलं. हलवायाला तिनं बाप पळून गेल्याचं सांगितलं होतं. वैद्यांकडे, हलवाई म्हणाला, तिला सावत्र आई होती. शेजारणीकडे तर, रात्री उपाशी झोपते म्हणून, ती रोज दोन वेळा जेवायची.

"मले काऊन नाही सांगितलं?" मी चिडून शेजारणीला विचारलं. चिडले की माझ्या तोंडी गावची बोली यायची.

"कसं सांगू वं? उपाशी लेकराची गोष्ट मायले तोंडावर सांगाची का? तुले लाज वाटली असती."

प्रत्येकानं माझी अब्रू झाकण्यासाठी तोंड मिटून ठेवलं होतं आणि पोरीचं उघडं.

आजीला शेवटी पटलं, पण अर्धंच. "फिर भी भेज दिया कर," ती म्हणाली. ठरलं असं, की दुपारी फक्त शेजारणीकडे जेवायचं, बाकीच्यांनी दार लावून घ्यायचं. दारं दोन दिवस लागली. तिसऱ्या दिवशी हलवाई म्हणाला, गिऱ्हाईक यायला अडचण होते.

पुढं माझी सालेकसाला, माहेराजवळ बदली निघाली. लेकीला घेऊन मी कचेरीत गेले आणि नको म्हणाले. साहेबांनी कारण विचारलं.

"लेकीला इथलं पाणी मानवतं," मी म्हणाले.

साहेबांनी खिडकीतून व्हरांड्यात पाहिलं. तिथं लेक शिपायाच्या डब्यापुढं खांदे पाडून उभी होती.