मुकादमाची पारख

पुसदजवळच्या तांड्यात कुणी शर्ट खोचलेला माणूस गोड बोलत आला, की अमरसिंग राठोडच्या कपाळाला आठ्या पडायच्या. कितीतरी हंगाम त्याने ऊसतोडीत काढले होते, आणि मुकादमही असेच गोड बोलून माणसं न्यायचे. त्यामुळे यवतमाळच्या कॉलेजचे प्राध्यापक एका गोदाम कंपनीच्या साहेबाला घेऊन दारात बसले, तेव्हाच त्याने मनात निकाल लावून टाकला. मास्तर म्हणजे मुकादम, कंपनी म्हणजे कारखाना.

"तीन दिवस वर्ग, तीन दिवस लोहाऱ्याच्या गोदामात काम," प्राध्यापक म्हणाले. "माल कसा ठेवायचा, कसा पाठवायचा, सगळं शिकेल तुमची राखी."

"आमचे पणजे बैलाईवर मीठ लादून मुलूखभर फिरले. अन् तुमी आमाले माल पाठवनं शिकवता?"

पण राखी हट्टाला पेटली, तिची आई हंसाबाईही तिच्याच बाजूने झाली, आणि पोरगी गेली.

अमरसिंगचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. राखी फोनवर खुशीत बोलली, की त्याचा संशय आणखी बळावायचा. कारखान्यावरून तोही घरी असंच खुशीत बोलायचा. तिथे हंसाबाई तापाने फणफणली होती, तरी मुकादमाने हंगाम संपेपर्यंत दोघांना हलू दिलं नव्हतं. मुकादम ओळखायचा तो असाच. निघतो म्हणावं आणि सोडतो का ते बघावं.

दिवाळीच्या तोंडावर तो सरळ लोहाऱ्याला गेला. गोदामाच्या फाटकावर प्राध्यापकच भेटले.

"पोरीले घेऊन चाललो," अमरसिंग म्हणाला आणि भांडणाच्या तयारीत उभा राहिला.

प्राध्यापकांचा चेहरा उतरला. पण त्यांनी राखीला बोलावणं पाठवलं आणि रखवालदाराला फाटक उघडायला लावलं. "तिची मर्जी," ते म्हणाले.

आता पुढे काय बोलायचं, हे अमरसिंगने ठरवलंच नव्हतं. राखी हातात स्कॅनर घेऊन आली.

"बापू, मी नाही येत. माही गाडी भरून राह्यली."

ती आत गेली. अमरसिंगला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच भीती वाटली. इतक्या सहज उघडणारं फाटक त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तो रखवालदाराजवळ सरकला.

"भाऊ, आज मास्तर होते म्हणून उघडलं," तो हळूच म्हणाला. "उद्या कोनी नसन, अन् थे एकटी म्हणन मले जाऊ द्या, तवाही उघडजा."