आचाऱ्याची एक जागा

किशन आचारी मोबाइलवर मुद्दाम अर्धवट तयार झालेलं ब्राउझर वापरतो हे कळलं, तेव्हा मी त्याला सरळ वेड्यात काढलं होतं. एकतीस वर्षं मी मेडशीत मराठी शिकवली. तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली, पण बिघडलेली वस्तू स्वतःहून मागून घेणारा माणूस पाहिला नव्हता. आता ते सगळं आठवलं की धक्का बसतो तो माझ्याच वागण्याचा.

किशन माझा विद्यार्थी. सातवीनंतर शाळा सोडून तो मामाच्या हाताखाली चुलीशी उभा राहिला आणि तिशीत आसपासच्या गावांतल्या लग्नांचा आचारी झाला. त्याची एक सवय सगळ्यांच्या ओळखीची होती. वरण उकळलं की पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा, चाखायचा, डोळे मिटून दोन क्षण थांबायचा आणि काय कमी आहे ते एका शब्दात सांगायचा. पंगत बसायच्या आत सापडली तर ती चूक धरायची नाही, असं तो म्हणे.

पावसाळ्यात लग्नं नसतात. दोन वर्षांपूर्वी अशाच रिकाम्या दिवसांत त्याच्या वाचनात आलं, की ज्यातून आपण इंटरनेटची पानं उघडतो ते ब्राउझर लोकांच्या हाती पडण्याआधी कुणालाही वापरून पाहता येतं आणि त्यातल्या चुका कळवता येतात. त्याने ते लगेच फोनवर घेतलं. ते रोज थोडंथोडं बदलायचं. त्याला तो ‘कच्चं’ म्हणायचा, आणि तुम्हीआम्ही वापरतो ते ‘पक्कं’. कच्चं कधी मधेच बंद पडायचं, कधी पान अर्धंच उघडायचं. हा गडी शांतपणे तक्रारीच्या रकान्यात लिहायचा, ‘चव बरी आहे, पण तळाला लागलं’, आणि खाली नेमकं काय बिघडलं, किती वाजता, कुठलं बटण दाबल्यावर, ते सगळं सांगायचा. तिकडून कधीमधी आभाराची ओळ यायची.

हे नसते उद्योग कशाला, म्हणून मी एकदा त्याला झापलं. तो म्हणाला, “गुरुजी, कोनीतरी आदी चाखा लागते ना.” पुढे फोनमध्ये जागा पुरेना, तेव्हा या गृहस्थाने पक्कं बंद केलं आणि कच्चंच तेवढं ठेवलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

गेल्या वर्षी त्याची कंबर गेली. डॉक्टरांनी वजन उचलायला साफ बंदी केली. लग्नाच्या वरणाचा भरलेला गंज, ते भलं मोठं पातेलं, चुलीवरून उतरवायचं नाही, तर आचाऱ्याने करायचं काय? त्याला एकच आस होती. एखाद्या निवासी शाळेत स्वयंपाकाची जागा मिळावी. तिथे गॅसच्या शेगड्या असतात, हाताखाली माणसं असतात. त्याच्या बायकोने, भागिरथाने, चार ठिकाणी सांगून ठेवलं होतं. माझ्याकडेही ती दोघं येऊन गेली. मी हो हो म्हणालो आणि विसरलो.

विसरलो नाही ते एवढंच, की यंदा मे महिन्यात, तो कंबर सांभाळत रांधत होता त्या एका लग्नात, मी भर पंगतीत त्याला विचारलं होतं, वरणात मीठ टाकलंस की मिठात वरण. सगळे हसले. किशन हसला नाही, पळी घेऊन आत गेला.

बारा जूनला त्याचा निरोप आला. “गुरुजी, हे जागा तुमच्यासाठीच निगाली. घरी बसून तुमी कटाळले. नाही म्हनू नका.” खाली एका पानाचा दुवा होता. मी उघडला. डोंगरापलीकडच्या एका निवासी विद्यालयाची जाहिरात होती. ‘अनुभवी आचाऱ्याची एक जागा भरणे आहे. अर्ज २१ जूनपर्यंत प्रत्यक्ष आणून द्यावा.’

मी हबकलोच. ज्याला मी बाराखडी गिरवायला लावली तो मला पातेली ढवळायला पाठवतोय? पंगतीतल्या बोलण्याचा त्याने असा वचपा काढला, हे मला लख्ख दिसलं. ती जागा त्याला स्वतःलाच हवी होती, हे मनात आलं नाही असं नाही. पण याने आपला अर्ज दिला असेलच, वर माझी थट्टा करतोय, असं मी ठरवून टाकलं. त्याचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. एसटीच्या थांब्यावर तो समोरून आला, तर मी रस्ता ओलांडला. मला राग फार लवकर येतो आणि फार उशिरा जातो, हे माझी बायको सांगतेच.

तेवीस तारखेला तो घरी आला. कंबरेवर हात ठेवून हळूच पायरी चढला आणि हसत म्हणाला, “काहो गुरुजी, अर्ज देला काय?”

मग मी जे तोंड सोडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मास्तरकीची लाज, वयाचा मान, सगळं काढलं.  किशनने खिशातून फोन काढून ते पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. मी चष्मा लावला. त्याच्या फोनवर लिहिलेलं होतं, ‘अनुभवी आचार्याची एक जागा भरणे आहे.’

मी माझा फोन आणून त्याच्या फोनशेजारी ठेवला. माझ्यावर आचाऱ्याची, त्याच्यावर आचार्याची. पान एकच. ‘य’च्या आधीचा आडवा र त्याच्या कच्च्या ब्राउझरने उचलून रफार करून ‘य’च्या डोक्यावर नेऊन ठेवला होता, आणि स्वयंपाक्याची जागा शिक्षकाची झाली होती. हाच फरक मी सातवीला फळ्यावर शिकवायचो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. आचार्याला नमस्कार करा, आचाऱ्याला वाढायला सांगा. किशनच्या वर्गाला हे शिकवलं त्या दिवशी, मामा आचारी म्हणून, उदाहरणाला मी त्यालाच उभं केलं होतं आणि वर्ग हसला होता.

किशनने दोन्ही फोन पुन्हा पुन्हा पाहिले. मग खाली बसला.

“म्हंजे हे जागा माही होती,” तो म्हणाला.

 ज्या जागेची तो वर्षभर वाट पाहत होता, ती हातात आल्यावर त्याने माझ्यासाठी पुढे केली होती. मी घरी कंटाळलोय हे त्याने लक्षात ठेवलं होतं.

त्याने पुढे जे केलं त्याने मी आणखीच चक्रावलो. तो तक्रार लिहायला लागला. माझ्या फोनचा फोटो काढला, आपल्या पानाचा काढला. त्या रकान्यात एक प्रश्न होता, नेहमीच्या आवृत्तीत हे पान बरोबर दिसतं का आणि कधी पाहिलं. त्याने मान वर करून विचारलं, “तुमच्या फोनात हे बरोबर कवा दिसलं, गुरुजी?”

आत्ताच, असं म्हणून मला सुटता आलं असतं. शब्द जिभेवर आला होता. पण वरण चाखल्यावर थांबायचा तसा तो थांबला होता, आणि त्याला खोटं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

“बारा तारखेला,” मी म्हणालो. “तू पाठवलंस तेव्हाच.”

त्याने बारा जून लिहिलं. मग बोट थांबलं. “मंग नऊ दिवस होते,” तो म्हणाला. तुमी फोन काहून नाही उचलला, असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने तक्रार पाठवली आणि कंबर धरून पायऱ्या उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचा अर्ज माझ्या हाताने लिहून मी त्या विद्यालयात गेलो. मुख्याध्यापकांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. जागा भरली होती. मुदतीत एकच अर्ज आला होता, म्हणाले, त्यालाच घेतलं.

तीन आठवड्यांनी किशन पुन्हा आला. ब्राउझरवाल्यांकडून उत्तर आलं होतं. अक्षरं जोडणारी एक न दिसणारी खूण नव्या आवृत्तीत गळत होती, ती आता दुरुस्त केली आहे, कृपया तपासून कळवा. विद्यालयाने जाहिरात अजून काढून टाकली नव्हती. त्याने तेच पान उघडून फोन माझ्या हातात दिला.

“वाचा, गुरुजी. तुमी मराठीचे.”

मी मोठ्याने वाचलं, “अनुभवी आचाऱ्याची एक जागा भरणे आहे.”  किशनने डोळे मिटले, दोन क्षण थांबला आणि म्हणाला, “बरोबर.”