पेटीच्या दोन पट्ट्यांमधला आवाज

जालन्याच्या त्या स्टुडिओवाल्याचं तोंड आठवलं तरी अजून माझं डोकं फिरतं. हेडफोन गळ्यात अडकवून असा बसायचा, जसा काही मोठा सर्जन. मागं भिंतीवर कसल्याशा तीन महिन्यांच्या कोर्सचं सर्टिफिकेट, काचेच्या फ्रेममध्ये. धंदा लग्नाचे व्हिडिओ जोडायचा, पण बोलणं असं की आवाज नावाची चीज ह्यानंच शोधून काढली. आणि ह्या माणसाच्या हातात मी माझ्या बापाचा आवाज दिला.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. टेंभुर्णीत त्यांचं शिलाईचं काम, आणि गावच्या भजनी मंडळात ते जन्मभर गायले. त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननं जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. मी कॉलेजातून रेकॉर्डर मागून आणला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ताठ मानेनं मागितलं तर वस्तू मिळते, एवढं तिथं शिकले होते.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी घरातच सतरंजी अंथरली. पेटीवर चाचा बसले. चाचांचं बांगड्यांचं दुकान आहे, घरी उर्दू बोलतात, पण भजनाला त्यांच्याशिवाय दुसरं कुणी पेटीला हात लावत नाही. दादा पाऊण तास गायले. शेवटचं भजन संपतासंपता रेकॉर्डर बंद पडला. त्यात सेल मी भिंतीवरच्या घड्याळाचे काढून घातले होते. ही चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही.

सेल असे मधेच संपले की त्या यंत्राची फाइल धड बंद होत नाही. आवाज आत असतो, पण तो कसा टिपलाय याची नोंद अर्धवट राहते आणि कॉम्प्युटर फाइल उघडायला नकार देतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी घाबरून स्टुडिओ गाठला. त्यानं यंत्रातलं कार्ड ठेवून घेतलं आणि दोन दिवसांनी पेनड्राइव्ह दिला. म्हणाला, जबरदस्तीनं उघडली फाइल, दुसऱ्या कुणाच्या बापाला जमलं नसतं.

दादा दवाखान्यातून घरी आल्यावर मी ते लावलं. आवाज दादांचा होता आणि नव्हताही. जड, सुस्त, कुणीतरी झोपेतून उठवून गायला बसवल्यासारखा. दादांनी दोन मिनिटं ऐकलं. मग उठले, मशीनवर जाऊन बसले आणि कापड नसताना नुसतंच पायडल मारू लागले. त्या खडखडाटात गाणं बुडून गेलं. मी बंद केलं.

स्टुडिओवाल्याला फोन केला तर म्हणे, "ताई, पेशंटचा आवाज हे. गाठ होती ना गळ्यात? मंग जडच येणार. मशीन खोटं बोलत न्हाई." भेटायला आलेल्या पाहुण्यांनीही माना डोलावल्या. आजारी माणसाच्या नावावर आपल्याकडं काहीही खपतं. खरं सांगायचं तर मीही गप्प बसले होते.

आठवड्यानं चाचा आले. त्यांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं, तसेच घरी गेले आणि पेटी घेऊन परत आले. दादांची गायची पट्टी काळी चार, ती कधी बदलली नाही. चाचांनी काळी चार दाबली. रेकॉर्डिंग तिच्या खाली. शेजारची पांढरी पाच दाबली. रेकॉर्डिंग तिच्याही खाली. आणखी एक उतरून काळी तीन दाबली, तर रेकॉर्डिंग वर. पुन्हा पांढरी, पुन्हा काळी.

"मधी पडून राह्यलंय बेटी. दोन पट्ट्यांच्या बिलकुल मधी."

मी म्हटलं, आजारपणात गळा उतरत असेल. चाचांनी माझ्याकडं असं पाहिलं की माझी बीएची पदवी मला बारीक वाटली.

"गळा बीमार होता, मान्य. मंग माझी पेटी बी बीमार होती काय?"

रेकॉर्डिंगमधली पेटीही बरोबर तेवढीच उतरलेली होती. हीच पेटी, जी आता समोर नीट वाजत होती.

म्हणजे खोट गळ्यात नाही, फाइल उघडण्यात होती. रेकॉर्डरच्या मेनूत मी टिपण्याच्या वेगाचा आकडा पाहिला. अठ्ठेचाळीस. म्हणजे यंत्रानं सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा आवाज टिपला होता. दुसऱ्या दिवशी जालन्याला जाऊन विचारलं, फाइल उघडताना तुम्ही किती घातले? तो म्हणाला, चव्वेचाळीस, गाण्याला तेवढेच असतात, सगळी दुनिया तेच करून राह्यली. मी समजावलं, जास्त टिपलेलं कमी वेगानं सोडलं तर प्रत्येक सेकंद ताणला जाणार आणि आवाज खाली बसणार. यंत्राचा मेनू बघायची तसदी ह्या शहाण्यानं घेतली नव्हती. त्यानं अंदाज ठोकला होता, आणि तो चुकल्यावर दोष माझ्या बापाच्या गळ्याला दिला होता.

"ताई, तुम्ही मराठीतल्या बीए," तो हसून म्हणाला. "हे टेक्निकल हे. एवढा फरक कानाला कळतच न्हाई."

"बांगड्या विकणाऱ्याला कळला," मी म्हटलं, आणि कार्ड मागून घेतलं. त्यानं ते टेबलावर असं टाकलं, जसं कचरा देतोय.

कॉलेजच्या कॉम्प्युटरवर फुकटात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल मीच उघडली. चव्वेचाळीसच्या जागी अठ्ठेचाळीस. अर्धा तासही लागला नाही, आणि त्यातला बराच वेळ कॉम्प्युटर सुरू होण्यात गेला. सुरुवातीला टक् असा एक आवाज आला, मग चाचांची पेटी, आणि मग दादा.

घरी लावलं तेव्हा दादा शर्टाला काज करत होते. हातातली सुई तशीच राहिली. काळी चार. चाचांनी तपासायला पेटीसुद्धा उघडली नाही, नुसते भिंतीला टेकून बसले. दादांनी पाऊण तास जागा सोडली नाही. मग मापाची वही ओढली, आता ते जे बोलायचं ते त्यातच लिहितात, आणि पेन्सिलीनं लिहून माझ्यापुढं सरकवली.

"तिसऱ्या भजनात माझा दम तुटला. तेवढं पुसता येतं का?"

येत होतं. दोन मिनिटांचं काम होतं.

"न्हाई येत," मी म्हटलं.